बँकेतली नोकरी सोडून भिंतीवरची चित्रं सांभाळायला जर्मनीत यावं का?

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मला समजलं ते असं: वय ३६, बडोद्यात दांडिया बाजारात आईबरोबर राहतेस, बँकेत पक्की नोकरी आहे. बारावीनंतर फाइन आर्ट्सला जायचं होतं, घरच्यांनी बी.कॉम.ला घातलं. तांबेकर वाड्यातली चित्रं लहानपणी पाहिलीस, तेव्हापासून अशी चित्रं जपणाऱ्या माणसांचं काम आपण करावं असं डोक्यात आहे. आता मी शिकले तिथेच, हिल्डेसहाइमला यायचं म्हणतेस. वय आडवं येईल का, पैसे किती, जर्मन किती, आईचं काय, आणि एवढं करून इथे पोचल्यावर ‘हेच का ते?’ असं वाटलं तर काय, हे तुझे प्रश्न.

शेवटचा प्रश्न आधी घेते, बाकीचे त्याच्यावर अवलंबून आहेत. वाटेल. नक्की वाटेल, आणि बहुतेक पहिल्याच हिवाळ्यात वाटेल. कारण तुझ्या स्वप्नात चित्र आहे आणि इथल्या पहिल्या वर्षात चित्र जवळजवळ नसतंच. असतो तो चुना, वाळू, रसायनशास्त्र, सूक्ष्मदर्शक, आणि भिंतीत पाणी कुठून येतं याचा शोध. आपल्याकडे भिंतीला लोणा लागला म्हणतात ना, त्यात नेमके कोणते क्षार आहेत, ते कधी विरघळतात, कधी पुन्हा स्फटिक होऊन रंगाचा थर आतून ढकलतात, हे शिकण्यात महिने जातात. चर्चमध्ये फक्त रविवारी हीटर लावला तरी हे चक्र फिरतं. म्हणजे भक्तांना ऊब द्यायची की भिंतीवरच्या संताचा चेहरा वाचवायचा, असा पेच असतो, आणि तो तुला पाद्रीबाबांसमोर बसून जर्मनमध्ये समजावून सांगायचा असतो!

मी आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. बडोद्यात शाळेत चित्रकला शिकवायचे, त्यामुळे हात चांगला आहे असा माझा समज होता. इथे चांगल्या हाताला कुणी फारसं विचारत नाही. थांबणारा हात लागतो. या धंद्याचा पाया हाच आहे की कमीत कमी करायचं, केलेलं पुढे कुणाला काढता आलं पाहिजे, आणि मूळ चित्रकाराच्या रेघेवर आपली रेघ चढता कामा नये. रंग उडालेल्या जागी बारीक उभ्या रेघांनी भरायची एक इटालियन पद्धत आहे. लांबून जागा भरल्यासारखी दिसते, जवळ गेलं की कळतं की हे मूळचं नाही. ही पद्धत मला फार आवडते, कारण तीत लपवाछपवी नाही.

एका खेड्यातल्या चर्चमध्ये आम्ही परांचीवर काम करत होतो. उत्तर जर्मनीत बऱ्याच जुन्या चर्चमधली मध्ययुगीन चित्रं नंतर कधीतरी चुन्याखाली गेली. पांढऱ्याचे थरावर थर. पहिलं काम म्हणजे बोटाच्या पेरानं भिंत ठोकत जायचं. आवाज भरीव आला तर पुढे, पोकळ आला की गिलावा मागच्या दगडापासून सुटलाय असं समजायचं आणि नकाशावर ती जागा रंगवायची. मग सिरिंजनं चुन्याचं पातळ मिश्रण आत सोडायचं आणि वरून हलका दाब द्यायचा. हे झाल्यावर स्काल्पेलनं चुन्याचे पापुद्रे उचलायचे, नखाएवढा तुकडा एका वेळी. माझ्या वाट्याच्या जागेतून बरेच दिवसांनी एक कान बाहेर आला. दाढीवाल्या कुणाचा तरी कान, तांबूस रेघेनं काढलेला, आणि रेघ काढताना चित्रकाराचा हात जरा घसरलेला. बाकीचा चेहरा पुढच्या हंगामात निघायचा होता. तो दुसऱ्यांनी काढला, मी फोटोत पाहिला.

एवढं वाचून तुला कानाचा कंटाळा आला असेल तर हे पैसे वाचव आणि वर्षाकाठी युरोपची सहल कर, मनापासून सांगते. पण त्या कानाशी आणखी थोडं बसावंसं वाटलं असेल तर पुढचं वाच.

वयाचं. जर्मन विद्यापीठात प्रवेशाला वयाची अट नाही. माझ्या वर्गात विशीतली मुलं होती, सुतारकाम करून आलेली एक बाई होती, आणि मी. वय खरं आडवं येतं ते तीन ठिकाणी. एक, आरोग्यविमा: विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या सरकारी विम्यात तीस वर्षं पूर्ण होईपर्यंतच घेतात, त्यामुळे तुला खासगी विमा लागेल. तो स्वस्तातला स्वस्त घेऊ नकोस, अटी वाच, कारण नंतर सरकारी विम्यात शिरणं सोपं नसतं. दोन, शिष्यवृत्त्या: बऱ्याच ठिकाणी शेवटची पदवी अलीकडची असावी अशी अट असते, त्यामुळे त्यांच्या भरवशावर बेत आखू नकोस. तीन, व्हिसा: बँकेतली बाई ३६व्या वर्षी पुन्हा बॅचलर का करते, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच. त्याचं उत्तर ‘बालपणीचं स्वप्न’ असं लिहिलंस तर तो कागद बाजूला ठेवेल. काय शिकणार, भारतात त्याची गरज कुठे आहे, तयारी म्हणून आत्तापर्यंत काय केलंस, हे लिही. तयारीचा पुरावा हवा आणि तो बडोद्यातच तयार होतो, त्यावर खाली येते.

पैशाचं. हिल्डेसहाइम लोअर सॅक्सनी राज्यात येतं. तिथे सरकारी विद्यापीठात शिक्षण शुल्क नाही, दर सत्राला ठरावीक वर्गणी भरायची, तीत प्रवासाचा पास येतो. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, म्हणून श्टुटगार्टचा विचार करत असशील तर हा हिशेब धर. कलोन, पोट्सडाम, ड्रेस्डेन इथेही भिंतीवरच्या चित्रांचा विभाग आहे. व्हिसासाठी गोठवलेलं खातं उघडावं लागतं. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवायचे, महिन्याला ९९२ हातात येतात. म्युनिकला त्यात जीव मेटाकुटीला येतो, हिल्डेसहाइमला जपून भागतं. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण आमच्या अभ्यासक्रमात सुट्ट्या परांचीवर जातात, त्यामुळे त्या कमाईवर भाडं अवलंबून ठेवू नकोस. बॅचलर आणि पुढे मास्टर मिळून पाच वर्षांच्या आसपास धर. शिवाय अचानक बडोद्याला जावं लागलं तर तिकिटाचे पैसे वेगळे ठेव आणि त्यांना हात लावू नकोस.

कमाई किती? थोडी. या क्षेत्रातले पुष्कळ लोक स्वतंत्रपणे कामं घेतात, एक चर्च संपलं की दुसरं शोधायचं. तुझ्या बँकेत पंचवीस तारखेला काय होतं ते तुला माहीत आहे, इथे तसं काही होत नाही. शिक्षण संपल्यावर काम शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो.

भाषेचं. हा अभ्यासक्रम जर्मनमध्ये आहे, इंग्रजीवर निभणार नाही. प्रवेशाला साधारण सी१च्या (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली पाचवी) जवळची पातळी लागते, ती डीएसएच-२ किंवा टेस्टडाफ या परीक्षेनं दाखवायची. बी१पर्यंत बडोद्यात बसून येता येतं. पुढची पायरी कठीण आहे, कारण तिथे व्याकरण संपतं आणि माणसं सुरू होतात. गवंड्याचं जर्मन वेगळं, प्राध्यापकाचं वेगळं. आपल्याला मात्र एक फायदा आहे. घरात मराठी, पोळात, म्हणजे गल्लीत, गुजराती, ऑफिसात हिंदी, अशा तीन ताटांत जेवायची सवय असलेल्याला चौथं परकं वाटत नाही. (पुण्याचे लोक इथे भेटले की अजून विचारतात, ‘गुजरातच्या ना तुम्ही? मग एवढं मराठी कसं येतं?’ दीडदोनशे वर्षांहून जास्त काळ गायकवाडांच्या गावात राहून हेच ऐकायचं.)

कागदपत्रांचं पटकन. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्राशिवाय (आपली शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत असा दाखला) व्हिसाचा अर्जच करता येत नाही. त्याची फी १८,००० रुपये आहे आणि वेळ लागतो, म्हणून ते आधी. तुझ्या बी.कॉम.वर थेट प्रवेश मिळतो का हे विद्यापीठाला लिहून विचार, एजंटला विचारू नकोस. बडोद्यात अलकापुरीतल्या एका सल्लागारानं मला एमबीए सुचवलं होतं, ‘भिंतींपेक्षा बरं’ म्हणून! इथे घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाची सही केलेला फॉर्म. तो फॉर्म न देणाऱ्या मालकाची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नकोस, कारण नोंदणीवर पुढचं सगळं अडतं.

आता तयारी. प्रवेशाआधी या क्षेत्रात काही महिने ते वर्षभर प्रत्यक्ष काम केलेलं असावं लागतं, त्याला फोरप्राक्टिकुम म्हणतात. मुदत संस्थेप्रमाणे बदलते, भारतात केलेलं किती धरतात हेही आधी ईमेल करून विचार. आणि बाई, तू बसली आहेस कुठे ते बघ. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, देशातला पहिला. कमाटी बागेतलं संग्रहालय सायकलच्या अंतरावर आहे, तिथे आपण सगळे देवमाशाचा सांगाडा आणि ममी बघून बाहेर पडतो, चित्रदालनाकडे कोण वळतं? कीर्ती मंदिरात नंदलाल बोस यांनी रंगवलेल्या भिंती आहेत. या ठिकाणच्या माणसांना जाऊन भेट. बिनपगारी मदत करते म्हण. लखनौला एनआरएलसी ही सरकारी संवर्धन प्रयोगशाळा आहे, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथले छोटे अभ्यासवर्ग शोध. कदाचित तुझं स्वप्न तिथेच पुरं होईल, जर्मनीची गरजच पडणार नाही. मी जर्मनीची वकील नाही.

आणि रविवारी तांबेकर वाड्यात जा. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ बडोद्याचे दिवाण होते, वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. महाभारत, कृष्णलीला, मराठे-इंग्रजांची लढाई, मधूनच मडमा, हे सगळं तू पाहिलंयस. या वेळी चित्रं बघू नकोस, भिंत बघ. हाताच्या पंजाएवढी जागा निवड, हात न लावता, आणि वहीत मापानं उतरव: भेग कुठून कुठे गेली, पोपडा कुठे सुटला, कुठे जुनी डागडुजी झाली, डाग वरून आलाय की खालून चढलाय. पूर्ण दुपार तेवढंच. पुढच्या रविवारी आपल्याच घराच्या जिन्यातल्या ओल आलेल्या भिंतीचं कर. तिथे मात्र अंधारात टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धर, समोरून सपाट दिसणारी भिंत डोंगरदऱ्यांसारखी उठते. कुणी त्या भिंतीला खालून सिमेंट लावलं असेल तर त्याच्या वर बघ, ओल तिथे चढलेली सापडेल. चुन्याच्या भिंतीला सिमेंटनं कोंडलं की पाणी वर जाऊन वाट काढतं. आपल्या अर्ध्या वाड्यांचा घात यानंच केला. तिसऱ्या रविवारी तुला बसावंसं वाटतं का, हे मला कळव. मेहनतीनं बसलीस की ओढीनं, तेही.

मला विचारशील तर इथे मला मिळालं ते याच बसण्यात. हिल्डेसहाइमच्या सेंट मायकेल चर्चचं लाकडी छत तेराव्या शतकात रंगवलेलं आहे. १९४३ साली लोकांनी ते फळी फळी सोडवून दुसरीकडे ठेवलं. २२ मार्च १९४५ ला बॉम्ब पडून चर्च जळालं, छत वाचलं. त्या फळ्या उतरवणाऱ्यांची नावं कुठल्या पाटीवर मी वाचलेली नाहीत. त्या छताखाली पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा चित्राकडे बघायच्या आधी मी फळ्यांचे सांधे शोधत होते. तेव्हा लक्षात आलं की बडोद्याहून जी निघाली होती ती बाई आता वेगळ्याच गोष्टीवर खूश होते. तुझंही काहीतरी असंच बदलेल. काय बदलेल ते मी सांगू शकत नाही.

राहिली आई. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, जुळवाजुळव आहे. शेजारच्या काकींनी मला निघताना ‘पाछा आवशो ने?’ (परत येणार ना?) असं विचारलं होतं, मी ‘हो हो’ म्हणून रिक्षात बसले. अजून दरवर्षी जाते, पण काकींना जे विचारायचं होतं ते ‘परत’ वेगळं. तुझ्या आईचा दवाखाना, औषधं, रात्री हाक मारली तर कोण येईल, बँकेचे व्यवहार, हे नावानिशी लिहून काढ. भावाबहिणींवर सोपवायचं तर त्यांना समोर बसवून विचार, गृहीत धरू नकोस. राजीनामा सगळ्यात शेवटी. आधी बँकेत बिनपगारी रजा किती मिळते ते बघ, बी१ची परीक्षा दे, एपीएसचे कागद टाक.

तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये आई तीनदा आली, पण तिचं म्हणणं एकदाही आलं नाही. तिला सांगितलंयस ना?