पोरीला घरी शिकवा, पण पीएफचे पैसे दुकानात घालू नका

नमस्कार ताई,

तुमचं पत्र आणि सोबतचा हिशेबाचा कागद, दोन्ही नीट वाचले. बाकी वाचकांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही लातूरच्या एका दाळ मिलमध्ये पावणेनऊ वर्षांपासून अकाउंटंट आहात. औसा तालुक्यातल्या गावातून रोज स्कूटीने ये-जा करता. दाजींचं गावात कृषी सेवा केंद्र आहे, घरात सासू-सासरे आहेत. मुलगी येत्या सप्टेंबरात सहा वर्षांची होईल. सकाळी साडेसहाला ती व्हॅनमध्ये रडत बसते, परत येते तेव्हा दुपारचे दोन वाजलेले असतात. सिनियर केजीतच वहीभर इंग्रजी लिहायला देतात आणि वर्गात मराठी बोललं की बाई रागावतात. म्हणून मार्चअखेर राजीनामा द्यायचा, तिला घरीच शिकवायचं आणि निघालेले पीएफचे 3,30,000 रुपये खरिपाच्या मालासाठी दुकानात घालायचे, असं तुमच्या घरात ठरत आलंय. तुम्ही विचारलंय, 'परवडेल का?'

तुमच्या कागदावर शाळेचा वर्षाचा खर्च 57,000 आहे: फी 38,000, व्हॅन 10,000, पुस्तकं-गणवेश 9,000. घरी शिकवायला तुम्ही 18,000 धरलेत आणि पुढे 'बचत 39,000' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. पण घरच्या शिक्षणातली सगळ्यात महाग वस्तू त्या कागदावर आलेलीच नाही. ती म्हणजे तुमचा पगार.

तुमची पगाराची स्लिप घेऊन बसलो. एकूण पगार 20,500. त्यातून पीएफचे 1,800 आणि ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) 154 कापून हातात 18,546 येतात, म्हणजे वर्षाला 2,22,552. मालकाच्या 1,800 पैकी 1,250 पेन्शनला आणि 550 पीएफला जातात. म्हणजे तुमच्या पीएफ खात्यात दोन्हीकडून मिळून महिन्याला 2,350 पडतात, वर्षाला 28,200. दिवाळीचा बोनस 12,000. ग्रॅच्युइटी दर वर्षाला साधारण 8,650 नं वाढते. ही सगळी बेरीज 2,71,400 च्या घरात जाते. यातून पेट्रोल आणि नोकरीपायी होणारा इतर खर्च 34,400 वजा करा, शाळेचे वाचणारे 39,000 ही वजा करा. उरतात 1,98,000. ताई, मुलीला घरी शिकवण्याची खरी किंमत वर्षाला पावणेदोन-दोन लाख आहे. ती देऊ नका असं माझं म्हणणं नाही. आईनं दिलेल्या वेळेचं मोल कुठल्याच कागदावर बसत नाही, हे मलाही कळतं. पण आकडा माहीत असून द्यावी, एवढाच आग्रह आहे.

आता दाजींच्या दुकानाकडे येतो, कारण मला खरी काळजी तिथली आहे. चांगल्या वर्षी दुकानातून घरात 4,20,000 येतात, वाईट वर्षी 2,10,000, असं तुम्हीच लिहिलंय. सध्याची उधारी 2,80,000, त्यातली 1,10,000 वर्षापेक्षा जुनी. तुमचा पगार गेला की घराला किती लागेल ते मांडलं. घरखर्च नोकरीचा खर्च वगळून 2,53,600 (यात सुकन्या समृद्धीचे महिना दीड हजार आले), घराच्या कर्जाचे हप्ते 86,400, शिक्षणाचे 18,000 आणि ईएसआयसी गेल्यावर आरोग्य विम्याला अंदाजे 20,000. एकूण 3,78,000. चांगल्या वर्षी 42,000 उरतात. वाईट वर्षी 1,68,000 कमी पडतात. शेतातलं जे काही येतं ते पुढच्या पेरणीत आणि सासऱ्यांच्या औषधपाण्यात जातं, म्हणून धरलं नाही.

वाईट वर्ष आपल्याकडे कधीतरी येतं असं म्हणायची सोय उरलेली नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. 2025 च्या सप्टेंबरात उलटं झालं, काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली गेलं. दोन्ही वेळी गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर येऊन बसतं आणि म्हणतं, "औंदा जमत नाही मालक, पुढच्या सुगीला बघू." त्याला नाही म्हणता येत नाही. त्याची सोयरीक आपल्या गावात असते, त्याच्या बांधाला आपला बांध असतो.

माझ्या थोरल्या भावाचं निलंग्याकडे असंच खता-बियाण्याचं दुकान होतं. 2015 च्या खरिपाआधी वहिनींनी साठवलेली सगळी पुंजी त्यानं मालात घातली. पाऊस दडी मारून बसला. उधारीची लाल वही आषाढात जेवढी भरली होती, तेवढीच पुढच्या पाडव्याला होती, एका पानावरसुद्धा आडवी रेघ पडली नव्हती. कंपनीच्या डीलरला मात्र ठरल्या तारखेला पैसे हवे होते. त्या दीड वर्षात घरात किराणा आला तो वहिनींच्या नर्सच्या पगारातून. आला पगार की आधी गव्हाचं पोतं, मग डीलरचा हप्ता, असं चाललं. ती उधारी वसूल व्हायला तीन वर्षं गेली आणि काही नावं तर भावानं स्वतःच खोडून टाकली. वहिनींनी नोकरी सोडली असती तर काय झालं असतं, हे आमच्या घरात आजही कुणी मोठ्यानं बोलत नाही.

तुमच्या घरात पावसावर न चालणारा पैसा एकच आहे, तो तुमच्या पगाराचा. दाजी कष्टाळू आहेत, व्यवहाराला सरळ आहेत, हे तुमच्या पत्रातून दिसतं. पण पगार बंद करणं आणि पीएफ दुकानात घालणं ही दोन्ही पावलं एकाच वेळी उचलली, तर घराचा सगळा भार एका पावसाळ्यावर येऊन पडतो. म्हणून पीएफबद्दल माझं उत्तर ठाम नाही असं आहे. नोकरी सोडली तरी त्या खात्यावर वयाच्या 58 पर्यंत व्याज चालू राहतं. 2024-25 चा दर 8.25 टक्के होता. पुढे दर खालीवर होईल, पण सरासरी 8 टक्के धरले तरी आजचे 3,30,000 पंचवीस वर्षांत साडेबावीस लाखांच्या आसपास जातात. तुमच्या नावावरची एवढी एकच मोठी रक्कम आहे, ताई. राजीनामा दिलात तर अंतिम रक्कम काढण्याचा फॉर्म 19 भरू नका.

पेन्शनबद्दल तुम्ही विचारलंय, की 10 वर्षं भरायला सव्वा वर्ष कमी आहे, तेवढ्यासाठी थांबावं का? माझ्या मते नाही. 15,000 पगारमर्यादेवर 10 वर्षांची पेन्शन 58 व्या वर्षापासून महिना 2,143 बसते. पंचवीस वर्षांनी त्या 2,143 ला काय येईल, याचा अंदाज तुम्हीच करा. त्यापायी मुलीचं सव्वा वर्ष अडवून धरू नये. फॉर्म 10सी भरताना पेन्शनचे पैसे काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे नोकरीच्या वर्षांचा दाखला, मागा. पुढे कधी पुन्हा नोकरीला लागलात तर ही पावणेनऊ वर्षं त्यात जोडली जातात.

कायद्याचं थोडक्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात घरी शिकवण्याची वेगळी तरतूद नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य असल्याचं कलम 10 सांगतं, पण त्यासाठी पालकांना दंड ठेवलेला नाही. कलम 4 प्रमाणे शाळेबाहेरचं मूल केव्हाही वयानुरूप वर्गात प्रवेश घेऊ शकतं, म्हणजे परतीचा रस्ता उघडा राहतो. दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) वयाच्या 14 व्या वर्षापासून देता येते किंवा आपल्या बोर्डाचा बाहेरून परीक्षेला बसण्याचा 17 नंबरचा फॉर्म आहेच. एकच सांगतो, मुलगी शाळेत गेलीच नाही तर शाळा सोडल्याचा दाखला नसतो, आणि आपल्याकडे पुढे कशालाही आधी तोच मागतात. जन्मदाखल्यावर तिचं पूर्ण नाव आणि तुम्हा दोघांची नावं बिनचूक आहेत ना, ते आजच बघून घ्या.

आयकराचा प्रश्न तुमच्या उत्पन्नाला लागत नाही, तो सोडून देतो.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं विचारतो, राग मानू नका. तुमच्या पत्रात जेवढं दुःख आहे ते साडेसहाच्या व्हॅनचं आहे, वीस किलोमीटरचं आहे, मराठीवरून खाल्लेल्या बोलण्यांचं आहे. शाळा नावाच्या गोष्टीबद्दल तुमची तक्रार मला फारशी सापडली नाही. गावातली जिल्हा परिषदेची शाळा घरापासून पाच मिनिटांवर आहे असं तुम्हीच एका ओळीत लिहून पुढे गेलात. तिथे फी नाही, पुस्तकं आणि दुपारचं जेवण तिथेच मिळतं, आणि शिकवणं मराठीत आहे. तिथले मास्तर कसे आहेत, हे मी इथून सांगू शकत नाही. एक दिवस स्वतः जाऊन पहिलीच्या वर्गात बसून बघा.

माझा सल्ला असा. मार्चअखेर राजीनामा देऊ नका, दिवाळीपर्यंत थांबा. लातूरची शाळा मात्र एप्रिलनंतर खुशाल बंद करा. जूनपासून मुलगी गावातल्या शाळेत जाऊ दे, संध्याकाळी तुम्ही आणि दिवसा आजी-आजोबा तिला हवं तसं शिकवा. सासूबाई सूप घेऊन बसल्या की पोर ज्वारीचे दाणे दहा-दहाच्या ढिगात मांडते, असं तुम्ही लिहिलंय ना, ते गणितच आहे. आणि मार्चपासून तुमचा पगार आलाच नाही असं समजून घर फक्त दुकानावर चालवा. पूर्ण पगार एका वेगळ्या खात्यात टाका, ते खातं फक्त तुमच्या नावावर ठेवा. आठ महिन्यांचे पगार आणि बोनस मिळून 1,60,000 होतात. 90,000 ची एफडी आहेच. अडीच लाखांत एक वाईट वर्ष निभावून वर थोडं उरतं. जून ते सप्टेंबर हा दुकानाचा माल बाहेर आणि पैसा अडकलेला काळ. त्या चार महिन्यांत वेगळ्या खात्याला हात न लावता घर चाललं, तर दिवाळीनंतर मी तुम्हाला अडवणार नाही. दोनदा-तीनदा हात लावावा लागला, तर ते आत्ता कळलेलं बरं.

दुसरं, नोकरी सोडणं म्हणजे काम सोडणं असं धरू नका. तुम्हाला टॅली येतं, जीएसटी येतं. जीएसटीआर-1 या विवरणपत्राची 11 तारीख आणि 3बी ची 20 तारीख, या दोन तारखांच्या आधीचे दिवस सोडले तर अनेक छोट्या व्यापाऱ्यांना पूर्ण वेळ माणूस लागत नाही. मिलच्या मालकांनाच विचारा, महिन्यातले आठ-दहा दिवस येऊन किंवा घरून काम करू का म्हणून. पावणेनऊ वर्षांचं माणूस त्यांनाही सहजासहजी सोडवत नाही. लातूरच्या आडत बाजारातली दोन-तीन खाती मिळाली तरी बघा. महिन्याला 8,000 आले तर वर्षाचे 96,000 होतात आणि वाईट वर्षाची तूट 1,68,000 वरून 72,000 वर येते. सगळ्या पत्रव्यवहारात मला सगळ्यात आशेची वाटलेली वाट हीच आहे, कारण यात मुलीलाही आई मिळते आणि घराचा पावसाबाहेरचा पैसाही तुटत नाही.

विम्याचं राजीनाम्याआधी उरका. नोकरी सुटली की पीएफसोबतचं विमा संरक्षण थांबतं आणि ईएसआयसीचा दवाखानाही फार काळ राहत नाही. आरोग्य विमा आधी सुरू करा, कारण नव्या पॉलिसीत काही आजारांना थांबावं लागतं. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून शून्य झालाय, तेवढं ओझं कमी. सासू-सासऱ्यांपैकी कुणी सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मानचं कार्ड काढून ठेवा. दाजींच्या नावे किमान पन्नास लाखांचा टर्म इन्शुरन्स घ्या आणि तो घेताना विवाहित महिला संपत्ती कायदा 1874 खालचा रकाना भरायला लावा. दुकानदारासाठी हे फार महत्त्वाचं आहे. त्या कायद्याखालच्या पॉलिसीचे पैसे तुमचे आणि मुलीचे राहतात, दुकानाच्या घेणेकऱ्यांना त्यावर हात टाकता येत नाही. फॉर्म भरतानाच हे करावं लागतं, मागाहून जमत नाही. एजंट बहुधा विचारत नाहीत, तुम्हीच सांगा.

सुकन्याचे दीड हजार काहीही झालं तरी थांबवू नका. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी त्यातले निम्मे काढता येतात. लातूरात राहून तिला पुढे अकरावी-बारावीच्या क्लासला जावंसं वाटलं, तर तिथला खर्च आजच्या 57,000 शी तोलूच नका. घरच्या शिक्षणात वाचलेले पैसे त्याच खात्यात गेले तर ती बचत. घरखर्चात मिसळले तर त्या दोन रेघांना अर्थ नाही.

दाजींना हे पत्र वाचून दाखवा, आणि जुन्या 1,10,000 च्या उधारीतली कुठली नावं या सुगीत नक्की देतील, त्यावर त्यांच्याच हातानं खूण करून घ्या. ऑक्टोबरचा पगार जमा झाला की वेगळ्या खात्याच्या पासबुकाचं पान आणि ती यादी मला पाठवा. राजीनाम्याची तारीख तेव्हा बसून ठरवू.