खगोल प्रश्नोत्तरे : प्रत ५.७, तरीही दीर्घिका धूसरच

प्रश्न : माझ्याकडे ६ इंची न्यूटोनियन दुर्बीण, ट्रॅकिंग करणारा माउंट आणि डीएसएलआर कॅमेरा आहे. घराच्या गच्चीवरून एम ५७ हा कंकणाकृती तेजोमेघ सहज टिपता आला. मात्र मेसिए यादीत (एम क्रमांकांच्या खगोलीय वस्तूंच्या यादीत) त्याहून तेजस्वी असलेल्या एम ३३ या दीर्घिकेचा जेमतेम डाग उमटतो. एक्सपोजर वाढवल्यास सारे चित्र पांढुरके होते. प्रकाशप्रदूषण रोखणारा फिल्टर घ्यावा का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान, तितके तेज अधिक. एम ५७ ची प्रत ८.८ आणि एम ३३ ची ५.७ असल्याने एम ३३ कडून एकूण सुमारे १७ पट अधिक प्रकाश येतो, हे खरे. परंतु तो जवळपास २००० पट मोठ्या क्षेत्रावर पसरलेला असतो. यादीतील प्रतीवरून हा विरळपणा कळत नाही. एम ३३ ची सरासरी पृष्ठतेजस्विता, म्हणजे आकाशाच्या ठरावीक तुकड्यामागचे तेज, दर चौरस विकलेमागे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) २३ प्रतीच्या आसपास येते, तर मोठ्या शहरातले आकाशच १८ प्रतीइतके उजळ असू शकते. अशा आकाशाखाली सेन्सरवर जमणाऱ्या प्रकाशात दीर्घिकेचा वाटा सरासरी अवघा एक टक्का असतो.

या एका टक्क्यामुळेच फ्लॅट फ्रेमना (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या, दुरुस्तीसाठी घेतलेल्या फोटोंना) मी सर्वाधिक महत्त्व देतो. चित्राच्या कडांचा काळोख आणि सेन्सरवरील धुळीची वलये यांमुळे पडणारा फरक याहून कितीतरी मोठा असतो, आणि तो फ्लॅटने नेमका दुरुस्त झाला नाही, तर नंतर संगणकावर पार्श्वभूमी सपाट करताना दीर्घिकेचे सर्पिल हातही पुसले जातात. इतक्या कष्टाने गोळा केलेला प्रकाश असा वाया जावा, याचे फार वाईट वाटते. तेव्हा फोकस आणि कॅमेऱ्याची स्थिती न बदलता त्याच सत्रात फ्लॅट घ्यावेत.

एकेक एक्सपोजर लांबवण्याची गरज नाही. हिस्टोग्राममधील (कॅमेऱ्यावर दिसणाऱ्या, चित्रातील उजेडाच्या आलेखातील) उंचवटा डाव्या कडेपासून स्पष्टपणे सुटला की पुरे. शहरात त्यासाठी बहुधा मिनिटभरही लागत नाही. त्यानंतर महत्त्व उरते ते स्टॅकिंगसाठी (अनेक फोटो एकत्र करून एक चित्र बनवण्यासाठी) जमवलेल्या एकूण वेळेला, कारण सिग्नल (हवा असलेला प्रकाश) आणि नॉइज (चित्रातील खरखर) यांचे गुणोत्तर दुप्पट करण्यासाठी चौपट वेळ द्यावा लागतो.

फिल्टरवर खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दीर्घिकेचा प्रकाश हा प्रामुख्याने ताऱ्यांचा, म्हणजे सर्व रंगांत पसरलेला असतो, आणि पांढऱ्या एलईडी दिव्यांचा प्रकाशही तसाच असल्याने फिल्टर दोन्ही एकदमच कापतो. एम ३३ मधील एनजीसी ६०४ सारखे हायड्रोजनचे मेघ उठून दिसावेत, एवढ्यापुरताच अरुंद पट्ट्याचा (मोजकेच रंग जाऊ देणारा) फिल्टर उपयोगी पडतो.

तोच पैसा प्रवासावर खर्च करावा. साडेएकवीस प्रतीच्या अंधाऱ्या आकाशाखाली पार्श्वभूमी सुमारे २५ पट मंद असते, त्यामुळे तिथल्या एका तासाची बरोबरी करायला शहरात सुमारे २५ तास लागतील. नोव्हेंबरच्या अखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास एम ३३ महाराष्ट्रात जवळजवळ डोक्यावर येते. त्या काळातील अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी.