राखणदार रजेवर गेला, तर मागे कोण?

वाचकाचे पत्र:

ताई, मी ३४ वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते आणि फावल्या वेळात लहान अद्भुतकथा लिहिते. आमचे मूळ गाव मालवण तालुक्यात आहे. बाबांनी ३५ वर्षे मुंबईत नोकरी केली. गणपती आणि मे महिना सोडला तर त्यांना गावी जाता आले नाही. आमच्या गावचा देवचार, म्हणजे गाव राखणारा अदृश्य राखणदार, सुट्टी घेऊन पुण्याला येतो, अशी कथा मी यंदा लिहिली आणि ती एका दिवाळी अंकाने स्वीकारली. मी ती आनंदाने बाबांना वाचून दाखवली. एसटीतल्या काठीच्या प्रसंगाला ते हसलेही. पण शेवट ऐकल्यावर काही न बोलता उठून गेले. त्याला दीड महिना झाला. एरवी सगळे बोलतात, कथेचा विषय निघाला की गप्प होतात. आई म्हणते, राखणदाराची थट्टा केलीस, कथा मागे घे. मला थट्टा करायची नव्हती. मी काय करू?
— एक लेखिका, पुणे

उत्तर:

प्रिय लेखिका,

पत्रासोबत तुम्ही कथाही पाठवलीत हे फार बरे झाले, कारण ती वाचल्याशिवाय तुमच्या बाबांच्या गप्प बसण्याबद्दल मला काही सांगता आले नसते. मी ती दोनदा वाचली. खिडकीशी बसलेला देवचार, मांडीवर नीट घडी करून ठेवलेली घोंगडी, आणि घाटात गाडी वळताना काठी कुणाला लागू नये म्हणून ती दोन पायांमध्ये घट्ट धरून बसणे, हे सारे तुम्ही इतक्या मायेने लिहिले आहे की त्याला थट्टा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुमच्या आईंची भीती मला समजते, पण दुखणे त्यांना वाटते तिथे नाही. बाबा हसले, हे तुम्हीच लिहिले आहे. त्यांनी लहानपणी जत्रेत देवळासमोर रात्र जागून दशावतार पाहिला असणार, आणि त्यात वेद चोरणारा संकासूर काळ्या वेषात येऊन मालवणीत बोलतो आणि अख्ख्या गावाला हसवतो. अशा गावात वाढलेला माणूस राखणदाराला एसटीत बसवले म्हणून रुसत नाही.

ते उठून गेले शेवटच्या पानावर, आणि तिथेच पाहायला हवे. तुमचा देवचार दहा दिवस पुण्यात राहतो, मस्तानी पितो, संध्याकाळी सारसबागेत बसतो, रात्री गॅलरीत झोपतो आणि अकराव्या दिवशी परत जातो. गाव जसे होते तसेच असते. पाणंदीत रात्री कुणाची वाट चुकलेली नाही, कुणाची गाय शिवेबाहेर गेलेली नाही, कुणाला काही चुकल्यासारखेही वाटलेले नाही. म्हणजे राखणदार असला काय आणि नसला काय, गावाला सारखेच. हे वाक्य तुम्ही कुठेही लिहिलेले नाही, पण ऐकणाऱ्याला ते ऐकू येते.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला वेतोबाच्या देवळात भाविक चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चालून चालून त्या चपला झिजतात, अशी तिथली श्रद्धा आहे. आपण दार लावून झोपलो असताना कुणीतरी आपल्यासाठी चालत होते, एवढेच त्या झिजलेल्या तळांत आहे, आणि माझ्या मते ते फार मोठे आहे. तुमच्या बाबांचा राखणदार हा असा, चालणारा आहे. तुम्ही त्याचे चालणे दहा दिवस थांबवलेत आणि काहीच बिघडले नाही असे लिहिलेत.

पुढचे मी अंदाजाने लिहिते. चुकत असेन तर बाबाच दुरुस्त करतील. कोकणातला चाकरमानी ‘सुट्टीवर चाललो’ असे म्हणत नाही, तो ‘गावाक चल्लंय’ म्हणतो. त्याला रजा मिळाली की जायला एकच जागा असते. आणि घराला कुलूप लावून मुंबईची गाडी धरताना तो घर, माड, विहीर, मागे राहिलेली म्हातारी माणसे, हे सगळे राखणदाराला गाऱ्हाणे घालून, त्याच्या भरवशावर सोडून येतो. बाबांनी हे ३५ वर्षे केले. तुमच्या कथेत तो राखणदारच चाकरमान्यांच्या वाटेने शहरात आला आणि मागे कुणालाही ठेवून आला नाही. कुलूप लावून आलेल्या माणसाने हे ऐकून काय बोलावे?

आता कथेबद्दल, कारण इथे घरातला प्रश्न आणि लेखनातला प्रश्न एकच आहे. अलौकिक जीव सुट्टीवर गेले तर, ही कल्पना अद्भुतकथा लिहिणाऱ्या पुष्कळांना सुचते, आणि त्यातले बरेचजण पहिल्या गमतीवरच थांबतात: हडळ काळा चष्मा लावून समुद्रकिनारी पहुडलेली, ब्रह्मराक्षस थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलची खोली शोधत हिंडणारा. पहिल्या पानावर वाचक हसतो आणि तिसऱ्या पानावर पुस्तक मिटतो, कारण चित्र पाहून झालेले असते आणि गोष्ट सुरूच झालेली नसते. रजेला मुदत आणि अट लागली, आणि तिची किंमत कुणाला तरी मोजावी लागली, की गोष्ट सुरू होते. आपल्याकडे हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. गौरी माहेरी येते ती तीनच दिवसांसाठी, आणि तिसऱ्या दिवशी तिला कितीही जड मनाने निरोप द्यावाच लागतो. विष्णू आषाढी एकादशीला झोपतो तो कार्तिकीला उठतो, आणि मधल्या चार महिन्यांत लग्नाचे मुहूर्त धरत नाहीत. झोपतो देव आणि खोळंबतात माणसे. मेघदूतातला यक्ष कामात चुकला म्हणून वर्षभरासाठी घरापासून दूर रामगिरीवर, म्हणजे पुष्कळांच्या मते आपल्या रामटेकला, येऊन पडला, आणि शापाने त्याचे सामर्थ्य गेले म्हणूनच त्याला ढगापुढे हात जोडावे लागले. त्याच्याजवळ उडण्याची शक्ती उरली असती, तर ते काव्य पहिल्या श्लोकातच संपले असते. तुमच्या देवचाराचे पुण्यात काय कमी झाले? मला कथेत ते सापडले नाही.

आणि तुमच्या तर तालुक्यातच गावपळण आहे. आचरे, चिंदर, वायंगणी या गावांत काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळे गाव, माणसे, गुरे, कोंबड्या, कुत्री यांच्यासह, तीन दिवस आणि तीन रात्री शिवेबाहेर राहुट्या बांधून राहते. तिथे भजने होतात, फुगड्या होतात, पोरांची चंगळ होते. मागे चुली विझलेल्या असतात आणि रिकामे गाव देवाचे आणि न दिसणाऱ्या रहिवाशांचे असते. पुन्हा कौल मिळाला की माणसे घरी परततात. राखणदाराच्या रजेची याहून सुंदर कल्पना मला माहीत नाही: त्याला कुठे जावे लागत नाही, ज्यांची राखण करायची तीच माणसे काही दिवस दूर जातात, आणि पाणंदीत कुणीच नसल्यामुळे त्याला चालावे लागत नाही. त्या तीन रात्री तो काय करील? चपला काढून कुणाच्या तरी खळ्यात पाय पसरून बसेल का? मला तरी तो तिसऱ्या रात्री शिवेपर्यंत येऊन पलीकडच्या राहुट्यांतल्या दिव्यांकडे पाहत उभा राहिलेला दिसतो. ही कथा तुम्ही लिहावी असा माझा आग्रह नाही. पुण्याची सहल ठेवायची तर खुशाल ठेवा, पण मागे पाणंदीत कुणाला तरी उभे करा, आणि देवचाराची अनुपस्थिती गावातल्या एका तरी माणसाला जाणवू द्या. लहान कथेत एवढे पुरते.

तेव्हा कथा मागे घेऊ नका. संपादकांना फोन करून शेवट नव्याने लिहायचा आहे असे सांगा आणि मुदत मागून घ्या. अंकाची जुळणी झालेली नसेल तर बहुतेक संपादक ती देतात. बाबांची माफी मागू नका, कारण माफी मागितलीत की ते ‘जाऊ दे’ म्हणतील आणि विषय कायमचा मिटेल. त्यांच्याजवळ बसून एवढेच विचारा, की बाबा, तो रात्री कुठल्या वाटेने फिरतो? मग ते सांगतील ते ऐका, आणि त्यांच्यासमोर वही काढू नका. गावाचे आणि देवचाराच्या स्थानाचे खरे नाव छापू नये असे त्यांना वाटले, तर ते मुकाट्याने बदला, कारण ते स्थान सगळ्या वाडीचे आहे आणि त्यावर तुमच्याइतकाच, किंबहुना अधिक, त्यांचा अधिकार आहे. कथा मात्र तुमची आहे, आणि ती छापायची की नाही हे तुम्हीच ठरवायचे, हे आईंनाही शांतपणे सांगा.

नवा शेवट आधी बाबांना ऐकवा आणि मग अंकाकडे पाठवा. काठीच्या प्रसंगातला एक शब्दही बदलू नका. त्यांना तो पुन्हा ऐकायचा असेल.

तुमची,
ताई