जपानच्या खेड्यात एकट्याने पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शिराकावा-गो हे गाव बघाच, पण मुक्काम गोकायामा भागातल्या आइनोकुरा गावात करा. दोन्हीकडची गाश्शो घरं, म्हणजे उंच उतरत्या गवती छपरांची घरं, १९९५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण आइनोकुरात गर्दी कमी आणि माणसं निवांत भेटतात.

राहायला मिन्शुकू घ्या, म्हणजे कुणाच्या तरी घरातच राहण्या-जेवणाची सोय. जमिनीतल्या चौकोनी इरोरी चुलीभोवती जेवण होतं. मीठ लावलेले मासे काडीला टोचून निखाऱ्यांशेजारी उभे भाजतात. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच सांगा, आणि माशाचं दाशी, म्हणजे मासे उकळून केलेलं पातळ सूपपाणी, तेही चालत नाही हे वेगळं सांगा. सूपपासून भाजीपर्यंत सगळ्यात ते असतं. आयत्या वेळी सांगितलंत तर यजमानांची फार पंचाईत होते.

शक्य असेल तिथे माळ्यावर जाऊन छप्पर आतून बघा. वासे दोरांनी आणि लवचीक फांद्यांनी बांधलेले दिसतील. तिथेच पूर्वी रेशीमकिडे पाळत. कोकिरिको या इथल्या लोकनाचातलं १०८ लाकडी पट्ट्यांचं सासारा हे वाद्य कुणी हातात दिला तर लाजू नका, वाजवून बघा! वाशी हा पारंपरिक जपानी कागदही स्वतःच्या हाताने करून बघता येतो.

रोख येन जवळ ठेवा. ताकाओका शहराहून येणाऱ्या बस मोजक्याच, त्यामुळे परतीची वेळ आधी टिपून घ्या.