आईला मधुमेह आणि धाकट्या भावाला सिकलसेल आहे. गावात डेंग्यू पसरला असताना त्यांना अधिक धोका आहे का?

होय, दोघांनाही तीव्र डेंग्यूचा धोका इतरांपेक्षा अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत मधुमेह, मूत्रपिंडविकार, स्थूलता यांच्याबरोबर सिकलसेलसारख्या रक्तविकारांचाही उल्लेख असून, अशा रुग्णांना धोक्याची लक्षणे दिसण्यापूर्वीच रुग्णालयात पाठवावे, असे सुचवले आहे. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आढळतो, तरी भावाचे सिकलसेल कार्ड डॉक्टरांना आवर्जून दाखवा, कारण त्याचे हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) मुळातच कमी असल्याने, डेंग्यूत रक्तातील द्रव पाझरून रक्त घट्ट होत असल्याची खूण अहवालात सहज निसटते. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकची सुई (खेड्यात ती सर्रास टोचली जाते) घेऊ नये. मात्र कोणताही आजार नसलेल्यांनाही, विशेषतः दुसऱ्यांदा डेंग्यू झाल्यास, ताप उतरतानाचे २४ ते ४८ तास जोखमीचे असतात.