'आण्विक यंत्र' की 'रेणुयंत्र'?

प्रश्न असा : रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रेझर स्टॉडार्ट यांच्यावरच्या एका लेखात 'आण्विक यंत्रे' (इंग्रजीत 'मॉलिक्युलर मशीन्स', म्हणजे रेणूंची बनलेली चिमुकली यंत्रं) असा शब्द आहे, तो बरोबर का?

मराठीत तरी नाही. हिंदीत अणु म्हणजे मॉलिक्यूल आणि परमाणु म्हणजे ॲटम. मराठीत ॲटम तो अणू, मॉलिक्यूल तो रेणू. हिंदी मजकूर समोर ठेवून मराठी लिहिलं की ही गफलत हमखास होते. 'आण्विक' म्हटलं की आपल्याला तारापूर आठवतं आणि स्टॉडार्ट यांचा अणुभट्टीशी काडीचा संबंध नव्हता. 'रेणवीय यंत्र' म्हणा, नाहीतर सुटसुटीत 'रेणुयंत्र'. (सुटा 'रेणू' दीर्घ, समासात णु ऱ्हस्व, 'रेणुसूत्र'सारखा.)

त्याच लेखात 'स्टॉडार्ट यांची मोटर' असंही आहे म्हणता. तेही खटकतं. १९४२ साली एडिंबरोत जन्मलेले, शेतावर वाढलेले हे गृहस्थ शेफील्डनंतर बर्मिंगहॅमला आले. १९९१ साली त्यांच्या गटाने एका दांड्यासारख्या रेणूत कड्यासारखा रेणू ओवला. दांड्यावर इलेक्ट्रॉनांनी समृद्ध अशा दोन जागा, कड्यात इलेक्ट्रॉनांची कमतरता; म्हणून कडं या दोन जागांपाशी थांबतं आणि उष्णतेच्या धक्क्यांनी इकडून तिकडे ये-जा करतं. दांड्याच्या टोकांना अणूंचे जाडजूड गट असल्यामुळे रासायनिक बंध नसतानाही ते निसटत नाही. याला इंग्रजीत शटल म्हणतात, आणि शटलला आपल्या मागावर नेमका शब्द आहे : धोटा. 'रेणवीय धोटा' का म्हणू नये? मला तरी तो फार आवडतो.

मोटर म्हणायची ती नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या बेन फेरिंगा यांच्या १९९९ मधल्या रेणूला. प्रकाश आणि उष्णता मिळाली की तो एकाच दिशेने पूर्ण फेरा घेतो. धोट्यासारखा मागे-पुढे करत नाही. २०१६ चं नोबेल या दोघांना आणि स्ट्रासबुर्गच्या झां-प्येर सोवाज यांना मिळून मिळालं, त्यामुळे बातम्यांत कोणाचं काय याची सरमिसळ झाली असावी.

सोवाज यांनी १९८३ मध्ये तांब्याच्या आयनाभोवती जुळवून एकमेकींत अडकवलेल्या दोन कड्यांना कॅटिनेन म्हणतात, लॅटिन 'कतेना' म्हणजे साखळी यावरून. पण त्याला 'रेणुसाखळी' करू नका. साखळी आपण पॉलिमरसाठी कधीच वापरून टाकली आहे. कॅटिनेन आणि रोटॅक्सेन (स्टॉडार्ट यांच्यासारखं दांड्यात ओवलेलं कडं), दोन्ही शब्द आहेत तसेच ठेवावेत.