३० आठवड्यांच्या बाळाच्या प्लेटलेट्स ६८ हजार, तरी डॉक्टर चढवत का नाहीत?

तुमच्या बहिणीचं बाळ ३० आठवड्यांतच जन्मलेलं, वजन सव्वा किलो, दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ६८ हजार. डॉक्टर म्हणतात ‘थांबू’, आणि तुम्हाला आठवतंय की डेंग्यूत दादाच्या पेशी उतरल्या तेव्हा अख्खं घर रक्तपेढ्यांना फोन करत होतं. पांढऱ्या पेशींबद्दलही विचारलंय. मी नवजात बाळांच्या आयसीयूत काम करते, म्हणून लिहिते. पण बाळ मी पाहिलेलं नाही, तेव्हा निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच.

आधी दादाचा डेंग्यू बाजूला ठेवा. कमी दिवसांच्या, म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या, बाळाच्या प्लेटलेट्स मुळात वेगळ्या वागतात. जखम झाली की कोलॅजेन, थ्रॉम्बिन, अ‍ॅड्रेनॅलिन यांच्या इशाऱ्यावर मोठ्या माणसाच्या प्लेटलेट्स लगेच चिकटतात, एकमेकींना धरतात. बाळाच्या प्लेटलेट्सवर हे इशारे पकडणारे रिसेप्टर कमी असतात, आतली यंत्रणाही मंद. दिवस जितके कमी, तितका मंदपणा जास्त. जन्मानंतर साधारण १० ते १४ दिवसांत त्या बऱ्याच सुधारतात.

मग सगळीच बाळं रक्तस्रावाने हैराण व्हायला हवीत ना? होत नाहीत. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाचं रक्त तर मोठ्यांपेक्षा लवकर थांबतं. कारण लाल पेशी भरपूर असतात आणि त्या प्लेटलेट्सना रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. शिवाय प्लेटलेट्सना चिकटवणारा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर त्यांच्यात जास्त आणि जास्त चिकट. कमी दिवसांच्या बाळातही ही भरपाई असते, फक्त तोकडी. आणि ती आपण स्वतः कमी करत जातो: सव्वा किलोच्या बाळात सगळं मिळून रक्त शंभर-सव्वाशे मिली, त्यातून रोज तपासण्यांना रक्त काढलं की लाल पेशी घटतात. ‘रोज काउंट करा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये तो यासाठी.

आता मुख्य मुद्दा. रक्तपेढीतून येतात त्या प्लेटलेट्स मोठ्या माणसाच्या, म्हणजे तडफदार. मंद प्लेटलेट्सच्या हिशेबाने जुळलेल्या रक्तात त्या सोडल्या की काय होतं? २०१९ मध्ये प्लॅनेट-२ नावाच्या चाचणीचे निकाल आले. ३४ आठवड्यांआधी जन्मलेली, प्लेटलेट्स खूप उतरलेली ६६० बाळं. काहींना काउंट ५० हजारांखाली गेल्यावर प्लेटलेट्स दिल्या, काहींना २५ हजारांखाली गेल्यावरच. मृत्यू किंवा मोठा रक्तस्राव पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १९ टक्के. जास्त दिल्या तिथे जास्त नुकसान! आणि तुमच्या बाळाचे ६८ हजार तर या दोन्ही आकड्यांच्या वर आहेत. नेमकं कशामुळे, यावर अजून वाद आहे. या प्लेटलेट्स पांढऱ्या पेशींना चिथावून दाह वाढवतात हा एक संशय, नाजूक रक्तवाहिन्यांवर अचानक पडणारा द्रवाचा भार हा दुसरा. या बाळांच्या मेंदूतला रक्तस्राव बहुधा पहिल्या तीन दिवसांत होतो आणि त्याचं मूळ तिथल्या कोवळ्या रक्तवाहिन्यांत असतं. नुसत्या काउंटवरून त्याचा अंदाज लागत नाही. डोक्याची सोनोग्राफी त्यासाठीच करतात. रक्तस्राव चालू असेल किंवा ऑपरेशन करायचं असेल तर गणित अर्थातच बदलतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: बहिणीला गरोदरपणात बीपी होतं का? पहिल्या तीन दिवसांत दिसणारा कमी काउंट बहुतेक वेळा वारेच्या कमी रक्तपुरवठ्यामुळे असतो आणि आठ-दहा दिवसांत आपोआप वर येतो. तीन दिवसांनंतर काउंट धाडकन पडला, तर मात्र आम्ही आधी जंतुसंसर्ग शोधतो.

आणि तिथेच पांढऱ्या पेशींचा प्रश्न येतो. या बाळांच्या हाडांतल्या मज्जेत न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, साठा तोकडा असतो, संसर्गात तो पटकन संपतो. त्यामुळे पांढऱ्या पेशी वाढण्याऐवजी घटलेल्या दिसतात, आणि ते जास्त गंभीर. असलेल्या पेशीही जंतूंपर्यंत हळू पोचतात, त्यांना अडकवायची जाळी नीट टाकत नाहीत. आईकडून वारेतून येणाऱ्या अँटिबॉडीजचा मोठा वाटा शेवटच्या तिमाहीत येतो. तुमच्या भाच्याची ती तिमाही अर्धवटच राहिली. ताप येईलच असं नाही. उलट अंग गार पडणं, श्वास मध्येच थांबणं, दूध न पचणं ही लक्षणं असतात.

घरच्यांनी करण्यासारखं एक काम आहे: बहिणीला चीक काढायला मदत करा, अगदी दोन थेंब निघाले तरी. तिला दूध येत नसेल तर दूधपेढीची, म्हणजे इतर आयांनी दिलेलं दूध जिथे मिळतं तिची, चौकशी करा. मुंबईत सायन हॉस्पिटलमध्ये १९८९ पासून आहे, इतरही शहरांत आहेत.

आणि हो, ६८ हजारांचं सॅम्पल टाचेतून घेतलं होतं का, हे विचारा. टाच दाबून दाबून थेंब गोळा करताना रक्त नळीतच गोठू लागतं, प्लेटलेट्सचे पुंजके होतात आणि मशीन ते मोजतच नाही. आमच्याकडे असा आकडा आला की मी लॅबला फोन करून काचपट्टी बघायला सांगते. कित्येकदा उत्तर येतं, “मॅडम, क्लम्प्स आहेत, नवीन सॅम्पल पाठवा.”